गोदूबाईच्या सरकारी कोंबड्या

कळंबच्या गोदूबाईला कोणी विचारलं, की घरात माणसं किती, तर ती सरळ चेहऱ्याने सांगायची, "मी, आन् अकरा." अकरा म्हणजे दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. साऱ्या पांढऱ्याशुभ्र, साऱ्या सरकारी. त्या आल्या तेव्हा गाव त्यांना बघायला लोटलं होतं, आणि गोदूबाईने लग्नघरासारखा सगळ्यांना चहा केला होता. दूध संपलं तेव्हा कोरा केला, पण केला.

ही गोष्ट सन त्रेसष्ट-चौसष्टची. गोदूबाईचा नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाताचं एक खाचर होतं, ते दीर कसायचा आणि वर्षाचं भात आणून टाकायचा. घर मात्र तिचं एकटीचं होतं: कुडाच्या भिंती, पुढे अंगण, मागे शेवगा. वीस वर्षं ती आधी सासूच्या आणि मग नवऱ्याच्या हाकेवर उठली होती. आता ती स्वतःच्या मनाने उठायची. चूल पेटवायची, चहा प्यायची, आणि वाटलं तर लगेच दुसऱ्यांदा प्यायची. नवरा गेल्याचं दुःख तिला झालं होतं, ते खोटं नव्हतं. पण दुसरा चहाही खोटा नव्हता.

तिच्या या सुखावर टपून बसला होता तिचा सख्खा भाऊ नामा. नामाचं चौकला हायवेवर चहाचं हॉटेल होतं. तो तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. पण मिशी फुटल्यापासून तो थोरला झाला होता.

"बाय, तू हिथं एकटी काय करशील?" तो दर खेपेला म्हणायचा. "मीठमिरची कुटनं आननार? चल माज्या घरी. तुला काय कमी हाय तिथं?"

कमी काहीच नव्हतं. गोदूबाई एकदा आठ दिवस चौकला राहून आली होती. पाहुणी म्हणून गेली आणि तिसऱ्या दिवसापासून हॉटेलातल्या कपबश्या विसळू लागली. विसळ असं कोणी म्हटलं नव्हतं. राहू दे असंही कोणी म्हटलं नव्हतं. नामाचा जीव होता बहिणीवर, यात शंका नाही. पण त्याच्या घरात सकाळी पाचला पहिला ट्रक थांबायचा आणि हाक यायची, "बाय, ऊट गं!"

शेवटी त्रेसष्टच्या दिवाळीत भाऊबीजेला ओवाळून घेता घेता नामाने निकाल लावला. "एक वरीस देतो. पुढल्या दिवाळीपातूर तुझं तू भागवून दाखीव. जमलं तं रहा. नाय तं मी टेंपो घेऊन येईन, पेटी भरून बसायचं. मंग रडायचं नाय."

ओवाळणीत असली अट घालणारा भाऊ कोणाला मिळत नाही, पण गोदूबाईला मिळाला होता. तिने हो म्हटलं. नाही म्हणायची तिला तोवर सवय नव्हती.

आणि त्याच महिन्यात कोंबड्यांची योजना गावात आली. ती घेऊन आले विस्तार अधिकारी शरच्चंद्र खांबेटे. कर्जतच्या शिकल्यासवरल्या घरातला हा तरुण माणूस. त्याने जन्मात अंडं चाखलं नव्हतं, पण अंड्यावर तासभर बोलू शकायचा. शाळेच्या पडवीत बायांना बसवून त्याने सांगितलं, की गावठी कोंबडी वर्षाला फार तर पन्नास-साठ अंडी देते, ही विलायती जात दोनशे देईल. गरजू बाईला दहा कोंबड्या आणि एक कोंबडा फुकट मिळेल. अटी दोनच. पहिली, घरात एकही गावठी कोंबडी ठेवायची नाही. दुसरी, वर्षाच्या आत घरची दहा पिल्लं तयार करून दाखवायची, ती पुढच्या गरजू बाईला जातील. दहा भरली नाहीत तर कोंबड्या परत.

बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. फुकट म्हटल्यावर त्यांना संशय आला होता. गोदूबाईने मात्र हात वर केला.

तिच्याकडे चार गावठी कोंबड्या होत्या. त्या तिने कुंपणापलीकडच्या अंबूबाईला देऊन टाकल्या. अंबूबाई म्हणजे आळीचा आवाज. ती कुजबुजली तरी नदीवर ऐकू जायचं. कोंबड्या दिल्या खऱ्या, पण त्यांना कोण सांगणार? सांज झाली की चौघी कुंपण ओलांडून आपल्या नेहमीच्या शेवग्यावर झोपायला यायच्या, आणि गोदूबाई केरसुणी घेऊन त्यांच्या मागे धावायची. "जा गं बायांनो, जा! तुमचं नाव कापलं या घरातून. सायबानं बघितलं तं मला बी कापील." महिनाभर हा तमाशा चालला. मग कोंबड्या शिकल्या. गोदूबाईला मात्र त्यांच्या मागे धावून झाल्यावर रोज वाईट वाटायचं.

सरकारी कोंबड्या वेगळ्याच निघाल्या. तुरा इतका मोठा की एका डोळ्यावर कललेला. उकिरडा उकरायचं त्यांना ठाऊक नव्हतं; दाणे येईपर्यंत रांगेत उभ्या राहायच्या. आकाशात घार फिरू लागली की गावठी कोंबड्या ओरडत काट्यात शिरायच्या, आणि या मान वाकडी करून वर बघत बसायच्या. पण अंडी! रोज आठ, कधी नऊ. गोदूबाई ती टोपलीत भाताच्या तुसात मांडून नेरळच्या बाजाराला न्यायची. माथेरानच्या हॉटेलांची माणसं तिथे यायची आणि टोपली खाली ठेवायच्या आत रिकामी करायची. मीठ आलं, तेल आलं, नवं लुगडं आलं. साखर तर इतकी आली की दुसऱ्या चहाचा तिसरा झाला.

दुसरी अट राहिली होती, पण तिची गोदूबाईला काळजी नव्हती. पिल्लं कशी होतात हे तिला खांबेट्यांनी शिकवायची गरज नव्हती. कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते, मग खुडूक होते. म्हणजे अंग फुगवून कोपऱ्यात बसते, जवळ जाल तर गुरगुरते, उठवलं तरी उठत नाही. तेव्हा तिच्याखाली अंडी मांडायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. गोदूबाई आता कोणती खुडूक होते याची वाट पाहू लागली.

मार्गशीर्ष गेला. पौष गेला. कोंबड्या अंडी घालायच्या, मोठ्याने सांगायच्या आणि मागे वळून न बघता निघून जायच्या. खुडूक उतरवायचे दहा उपाय गोदूबाईला माहीत होते. गार पाण्यात बुचकळायचं, नाकात पीस घालायचं. खुडूक चढवायचा एकही माहीत नव्हता. आजवर कोणाला लागलाच नव्हता. तिने कोपऱ्यात अंधार केला, गवताचं घरटं केलं, एकीला बारा अंड्यांवर बसवून वर टोपलं पालथं घातलं. तासाने टोपलं उचललं तर अंडी तेरा झाली होती आणि कोंबडी दाराकडे निघाली होती.

आळीत चर्चा झाली. हिरू म्हणाली, करणी आहे. येसूबाई म्हणाली, थंडी मानवत नसेल. अंबूबाई म्हणाली, "अगं, सरकारी नोकरी हाय त्यांची. त्या बाळंतपनाची रजा घेतील व्हय?"

होळी झाली तशी गोदूबाई घाबरली. तिने एक कोंबडी काखेत मारली, एसटी धरली आणि कर्जतला खांबेट्यांच्या कचेरीत जाऊन ती थेट टेबलावर ठेवली.

"सायेब, ही खुडूक होत नाय."

खांबेट्यांनी आधी कागद वाचवले. मग म्हणाले, "होणारच नाही, गोदूबाई. ही जात खुडूक होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिच्यातला तो गुणच घालवलाय. म्हणून तर इतकी अंडी देते. हिची अंडी मशीनमध्ये उबवतात."

"मंग मशीन कवा देनार?"

"मशीन या योजनेत नाही."

"आन् दहा पिल्लं?"

"ती योजनेत आहेत," खांबेटे म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. आपण काय बोललो हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. तालुक्यात वीस बायांना कोंबड्या वाटल्या होत्या आणि आजवर एकीकडूनही पिल्लाची बातमी नव्हती. का नव्हती, हे त्यांना विचारायला कोंबडी घेऊन आलेली ही पहिलीच बाई.

परतीच्या एसटीत गोदूबाई रडली. कोंबडी मांडीवर होती. तीसुद्धा खिडकीबाहेर बघत होती. घर जाणार, अंगण जाणार, आणि पाच वाजता हाक येणार, हे गोदूबाईला स्पष्ट दिसत होतं. गेल्या काही महिन्यांत तिला कळलं होतं की आपल्याला एकटं राहायला आवडतं. असं आवडणं बाईला शोभतं की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण आवडत होतं.

अंगणात पाय ठेवला तर कुंपणावरून अंबूबाईचा आवाज आला. "अगं गोदू, तुजी ती भुरी खुडूक झाली गं! माज्याकडं अंडं एक नाय खाली मांडायला. समदी इकली. नुसतीच बसलीया दगडावर."

भुरी म्हणजे गोदूबाईनेच दिलेली गावठी कोंबडी. गोदूबाई कुंपणाशीच थांबली.

"माजी मांडतीस का खाली?"

"आन की! पन रीतीपरमानं हां. अर्धी पिल्लं माजी."

रीत जुनी होती आणि सगळ्या आळीची होती. अंडी एकीची, खुडूक दुसरीची, तर पिल्लं अर्धी अर्धी. सख्ख्या बहिणीही हा वाटा सोडत नसत. शिवाय कोंबडी अंबूबाईची, बसणार अंबूबाईच्या घरात, म्हणजे गोदूबाईच्या घरात गावठी कोंबडी नाही. पहिली अट शाबूत! त्या दिवशी गोदूबाईने तिसऱ्यानंतर चौथा चहा घेतला.

चैत्रात भुरीने दहा पिल्लं काढली. पिवळी, गोंडस, विलायती. पाच अंबूबाईला, पाच गोदूबाईला. पण गोदूबाईपुढे पेच पडला. पिल्लं आणायची तर आईला आणता येत नाही, आई गावठी. तिने पिल्लं दोन आठवड्यांतच आईपासून तोडून आणली. त्यांना घार म्हणजे काय हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. दहा सरकारी बाया होत्या, त्याही वरच बघत बसणाऱ्या. तीन पिल्लं घारीने नेली, दोन मुंगसाने. पलीकडे भुरीने अंबूबाईची पाचही सांभाळली.

भादव्यात तिने पुन्हा जोर लावला. अंबूबाई, येसूबाई, जिजा आणि हिरू, आळीतल्या चौघींच्या खुडूक कोंबड्यांखाली अंडी मांडली. शेहेचाळीस पिल्लं निघाली. तेवीस आळीची, तेवीस गोदूबाईची. तिने पुन्हा तोच नियम पाळला, पिल्लं आईपासून तोडली, चुलीजवळ बांबूच्या डालग्याखाली ठेवली, रोज मोजली. सरत्या पावसाच्या गारठ्याने काही गेली, मुंगसाने काही नेली. दिवाळीला डालग्याखाली सात होती. रोज मोजली तरी सातच.

तपासणी ठरली भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आणि नामाला तारीख बरोबर लक्षात होती. सकाळीच तो ओळखीच्या ड्रायव्हरचा टेंपो घेऊन हजर झाला, आणि बहिणीला मदत म्हणून त्याने पेटी ओट्यावर आणून ठेवली, वर गोधडी बांधून ठेवली.

"सायेब येऊ दे, कोंबड्या घेऊ दे, की निगू," तो समजुतीने म्हणाला. "मी तुला आदीच सांगितलं व्हतं, बाय. हे आपलं काम नाय."

खांबेटे आले. कोंबड्या मोजल्या, अकराच्या अकरा, तुकतुकीत. मग त्यांनी कागद काढला. "पिल्लं?"

गोदूबाईने डालगं उचललं. खांबेट्यांनी मोजलं, आणि पेनाचं टोपण काढून तसंच धरून उभे राहिले.

एवढ्यात अंबूबाई आली. पदर पोटाशी गच्च धरलेला, आणि पदरातून चिवचिव. "गोदू गं, तुजी तीन आमच्याकडं चरायला आल्तीं बघ!" म्हणत तिने पदर सोडला. तिच्या मागे येसूबाई, तिचीही तीन. मग जिजा, मग हिरू. चौघींनी आपापसांत ठरवलं होतं. गोदूबाईला कानोकान खबर नव्हती. अंगणात पिवळी-पांढरी पिल्लं पळू लागली. खांबेटे मोजता मोजता एकोणिसावर गेले. एका पिल्लाच्या पाठीवर काळा ठिपका होता. गावातल्या कोण्या गावठी कोंबड्याचा प्रताप.

"हा ठिपका कसला?"

"तुमच्या पेनाची शाई सांडली, सायेब," अंबूबाई म्हणाली.

खांबेट्यांनी पेन तपासलंसुद्धा. आणि ते लिहिणार, तोच कुंपणाखालून भुरी आली.

पदरात पिल्लं घालून नेताना आयांना डांबून ठेवायचं चौघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. भुरी आली ती पिसं फुगवून, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने एकदाच क्लुक केलं. तीन पिल्लं सुटली ती थेट तिच्या पंखाखाली. मागून येसूबाईची काळी आली, मग जिजाची, मग हिरूची. प्रत्येकीच्या मागे घरी राहिलेली दोन-दोन, तीन-तीन. चार आयांनी हाका मारल्या आणि प्रत्येक पिल्लू न चुकता आपापल्या आईकडे गेलं. मधे उरली सात. ती मान वाकडी करून आकाशाकडे बघत होती.

अंबूबाईसुद्धा बोलेना, यावरून काय ते समजावं.

गोदूबाईचं तोंड लाल झालं. "सायेब, माजी सातच," ती म्हणाली. "बाकीची त्यांची हायती. रीतीनं वाट्याला गेलेली, मी दिलेली. त्यांची जगली, माजी मेली. का म्हायती हाय? त्यांच्याकडं आई व्हती. तुमी म्हनलं गावठी कोंबडी घरात नको, म्हनून मी पिल्लं आईपासनं तोडली. तुमचा कायदा मी पाळला, सायेब, आन् घारीनं तो खाल्ला."

एवढं लांब ती आयुष्यात कोणा साहेबाशी बोलली नव्हती. नामाने तर तिला एवढं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. तो ओट्यावर पेटीशेजारी बसला.

खांबेटे खाली वाकले आणि सगळ्या अंगणातली पिल्लं पुन्हा मोजू लागले. "अठ्ठावीस. आणखी कुठे आहेत?"

"पाच हायती माज्याकडं, चैताची," अंबूबाईला राहवेना. "आता अंड्यावर येतील बघा!"

"तेहतीस," खांबेटे म्हणाले. "पाच घरांत. आणि माझ्या बाकीच्या एकोणीस घरांत मिळून एक नाही." ते उभे राहिले. "दहा पिल्लं पुढच्या गरजू बाईला जावीत, अशी अट होती. तुम्ही चार बायांना आधीच वाटून बसलात, तेही अर्ज न घेता. ही खुडूक ठेवायची रीत आम्हाला आधी कोणी का नाही सांगितली?"

"तुमी इचारली कुटं?"

खांबेटे हसले, आणि हसताना एकदम पोरसवदा दिसले. त्यांनी ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. एकूण पैदास, तेहतीस. कोणाच्या घरी, हे कागदाने विचारलंच नव्हतं. खाली एक रकाना होता, 'उबवणीचे यंत्र'. त्यात त्यांनी लिहिलं, 'स्थानिक बनावटीचे, नग चार, चालू स्थितीत'. आणि गावठी कोंबडीबद्दलची अट त्यांनी पेनाने आडवी खोडली. ती खोडायचा त्यांना अधिकार होता की नाही, देव जाणे. कोंबड्या गोदूबाईकडेच राहिल्या.

साहेब गेले, बाया आपापल्या कोंबड्या घेऊन गेल्या. अंगणात नामा आणि गोदूबाई राहिले. नामाने पेटीवरची गोधडी सोडली, घडी केली, पुन्हा उलगडली.

"मंग मी रिकामाच जाऊ?" तो म्हणाला. टेंपोवाला बाहेर हॉर्न देत होता. "तुझ्यासाठनं मागली खोली सारवून घेतली व्हती मी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखर हिरमुसला होता, आणि ते पाहून गोदूबाईला भरून आलं. लहानपणी तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. मिशीमुळे तिला त्याचा विसर पडला होता.

"रिकामा कशाला? जेवून जा," ती म्हणाली. "आन् येत जा, नामा. हिथं ये. मी रांधून घालीन, पोटभर जेव. फकस्त मला चल म्हनू नको. हे माजं घर हाय."

नामा जेवला. जाताना पेटी त्याने स्वतःच आत नेऊन ठेवली.

पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा आला, चौकहून एसटीने, हातात चहापत्तीची पुडी घेऊन. गोदूबाई आत एका गावठी खुडूक कोंबडीखाली अंडी मांडत होती. बाहेर पावलं वाजली आणि थांबली. कोणीतरी खाकरलं.

"बाय," नामा दारातून म्हणाला, "आत येऊ का?"

इतक्या वर्षांत, बापाच्या घरात की नवऱ्याच्या, तिला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. गोदूबाईचा हात अंड्यावर तसाच राहिला. डोळे भरले, पण हसू त्याआधी आलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "अंडी मांडतीया."

आणि नामा थांबला.